वाचून सही

जावाजावा उभा दावा असं म्हणतात, आणि म्हणणाऱ्यांनी या दोघींना पाहिलंही नव्हतं. घर एकच. थोरली खाली, धाकटी वर, मध्ये एक जिना, आणि त्या जिन्यावर कुणाच्या चपलांनी किती पायऱ्या अडवायच्या यावरून सहा वर्षं चाललेलं भांडण. एवढ्यावर भागलं असतं तरी खूप होतं. पण धाकटीला नोकरी लागली ती नेमकी थोरलीच्या ऑफिसात, आणि दीड वर्ष तिथल्या दुसऱ्या मजल्यावर काढून ती आली ती थेट थोरलीच्या समोरच्या टेबलावर.

या ऑफिसात क्रिप्टोग्राफीची एक लायब्ररी सांभाळली जायची. म्हणजे माहिती गुप्त ठेवणारा असा कोड, जो बँका, दवाखाने, फोन बनवणारे सगळे आपापल्या सॉफ्टवेअरमध्ये आयता घालून घेतात आणि काही बिघडेपर्यंत त्याचं नाव काढत नाहीत. त्यातला सर्टिफिकेटांचा भाग थोरलीकडे होता. पलीकडचं मशीन 'मी बँक आहे' म्हणालं, तर त्याचं सर्टिफिकेट तपासायचं: ते कुणी दिलं, देणाऱ्याला देण्याचा अधिकार होता का, मुदत संपली का. चौदा वर्षं ती हेच करत होती. चौदा वर्षांत तिनं एकही बदल न वाचता मंजूर केला नव्हता, आणि ही गोष्ट तिच्या नवऱ्याला, दिराला, सासूबाईंना आणि दूधवाल्यालासुद्धा पाठ झाली होती.

आणि आता साहेबांनी फर्मान काढलं होतं की या भागाची साफसफाई करायची. सहा हजार ओळींच्या चार हजार करायच्या, तीन महिन्यांत. काम धाकटीला. वर, भर मीटिंगमध्ये, थोरलीच्या तोंडावर ते म्हणाले, "हे नीट पार पडलं तर पुढे हा भाग हिच्याकडेच देऊन टाकू. नव्या हातात जाऊ दे." म्हणजे चौदा वर्षं बीळ खणलं हिनं, आणि आयत्या बिळावर नागोबा कोण, तर जिना अडवणारी. थोरलीनं त्या मीटिंगमध्ये हसून मान हलवली. घरी गेल्यावर धाकटीच्या चपला तिनं पायानं ढकलून खालच्या पायरीवर पाडल्या.

ऑफिसात एक नियम होता, तो कुणी केला हे आता कुणालाच आठवत नव्हतं. कोडमधलं काहीही काढायचं असेल, तर ते मुळात तिथे कशासाठी होतं ते आधी एका वाक्यात लिहायचं. लिहिता आलं नाही, तर हात लावायचा नाही. ते वाक्य बदलाबरोबर कायमचं नोंदलं जायचं, मागाहून पुसता यायचं नाही. त्यावर त्याच भागातल्या दुसऱ्या माणसानं 'मंजूर' दाबायचं. या दाबण्याला सगळे सही म्हणत. सर्टिफिकेटांच्या भागात माणसं दोनच. त्यामुळे धाकटीच्या प्रत्येक बदलावर थोरलीची सही, आणि थोरलीच्या बदलावर धाकटीची. हा नियम ज्यानं केला त्याच्या घरात जावा नसाव्यात.

पहिल्या चाळीस बदलांत थोरलीनं धाकटीला नको नको करून सोडलं. हे नाव बदल, ते वाक्य पुन्हा लिही, इथे कारण अर्धवट आहे. धाकटीही काही कमी नव्हती. ती प्रत्येक वेळी "बरं, ताई," असं म्हणायची, की ऐकणाऱ्याला वाटावं शिवी दिली.

एकेचाळिसावा बदल मंगळवारी दुपारी आला. धाकटीनं एक फंक्शन, म्हणजे एकच काम करणारा कोडचा तुकडा, सरळ काढून टाकलं होतं. कारण लिहिलं होतं: 'सर्टिफिकेट देणाऱ्याला देण्याचा अधिकार आहे का, ही तपासणी दोन ठिकाणी होते, हे दुसरं ठिकाण.'

थोरलीनं ते वाचलं आणि खुर्चीत ताठ बसली. दोन ठिकाणं दिसायला जुळी होती, पण कामं वेगळी होती. पहिलं आपल्याच साठ्यातली सर्टिफिकेटं तपासायचं. दुसरं, जे धाकटीनं उडवलं होतं, ते पलीकडच्यानं पाठवलेली तपासायचं. ते गेलं म्हणजे कुणाही किराणावाल्यानं स्वतःच्या वेबसाइटसाठी घेतलेलं साधं सर्टिफिकेट वापरून बँकेच्या नावाचं सर्टिफिकेट बनवावं आणि आपल्या लायब्ररीनं त्याला मुकाट आत घ्यावं. याहून मोठी चूक या भागात करताच येत नव्हती.

तिला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती, पण झाला तो आनंदच.

रोज दुपारी चारला सगळ्या टेस्ट चालत, आणि निकाल हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर लागे. एखादी लाल झाली की ज्या कोडची ती टेस्ट, त्यात शेवटचा बदल करणाऱ्याचं नाव खाली येई, ठळक अक्षरांत. या चुकीसाठी थोरलीनं स्वतः एक टेस्ट लिहून ठेवली होती: अधिकार नसलेल्यानं दिलेलं खोटं सर्टिफिकेट पुढे करायचं, लायब्ररीनं ते नाकारलं तर हिरवं, घेतलं तर लाल. म्हणजे चार वाजता पडद्यावर लाल, खाली धाकटीचं नाव, समोर साहेब. गुरुवारी नवी आवृत्ती बाहेर जायची होती, तोवर दुरुस्ती होईल, कुणाचं नुकसान नाही. नुकसान फक्त धाकटीचं.

सही केली तर 'तुम्ही कशी केली' असं कुणी विचारेल, हेही तिच्या मनात आलं. विचारलं तर सांगू, चाळीस वेळा अडवलं तेव्हा म्हणालात मी छळते. उत्तर तयार होतं. तिनं बदलाखाली लिहिलं, 'शेवटी एक मोकळी ओळ जादा राहिली आहे,' आणि सही केली.

चार वाजता ती पाणी प्यायच्या निमित्तानं हॉलमध्ये जाऊन उभी राहिली. पडदा भरला. सगळं हिरवं.

तिनं ग्लास पुन्हा भरला. पुन्हा पाहिलं. हिरवं. धाकटी तिच्या शेजारून गेली आणि जाता जाता म्हणाली, "मोकळी ओळ काढली हं, ताई."

थोरली टेबलावर परत आली आणि तिनं ती टेस्ट एकटी चालवून पाहिली. खोटं सर्टिफिकेट नाकारलं जात होतं, खरं आहे. पण नाकारण्याचं कारण लिहून येत होतं: मुदत संपली. टेस्टसाठीची सगळी सर्टिफिकेटं तिनं दहा वर्षांपूर्वी एकाच दिवशी बनवली होती, दहा वर्षांच्या मुदतीची. गेल्या महिन्यात ती सगळी एकदम संपली. त्यातली चांगली सर्टिफिकेटं संपताच त्यांच्या टेस्ट लाल झाल्या, आणि तिनं ती त्याच दिवशी नवी केली. खोटी मात्र संपूनही हिरवीच राहिली, कारण त्यांना नाकारलंच जायचं होतं. तिच्या लक्षातच आलं नाही. ज्या सापळ्यात धाकटी अडकणार होती, तो महिनाभर गंजून पडला होता, आणि तो सांभाळायचं काम होतं थोरलीचं.

आता सरळ उठून सांगायचं, माझ्याकडून राहिलं, तो बदल मागे घे, एवढंच करायचं होतं. शहाण्या माणसानं तेच केलं असतं. पण सहा वर्षांची चीड शहाणपणाला विचारत नाही. तिनं ठरवलं, उद्या सकाळी खोटी सर्टिफिकेटं नवी करून टाकू. चारला टेस्ट लाल होईलच. एक दिवस उशीर, एवढंच.

बुधवारी सकाळी तिनं सर्टिफिकेटं बनवली, पाठवायला घेतली, आणि मग तिच्या लक्षात आलं की जुनी काढायचीत, म्हणजे कारण लिहायला हवं, आणि सही लागणार धाकटीची. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिनं लिहिलं, 'टेस्टची जुनी सर्टिफिकेटं. मुदत संपली,' आणि देवावर हवाला ठेवला. धाकटी काय, चार फायली बघून सही करून टाकेल.

धाकटीनं सही केली नाही. तिनं ती सर्टिफिकेटं आपल्या मशीनवर घेतली आणि टेस्ट चालवली. अकरा वाजता तिनं खुर्ची मागे सरकवली तो आवाज थोरलीला ओळखीचा होता, घरी रोज डोक्यावर ऐकायची. पण या वेळी धाकटी तिच्या टेबलापाशी आली आणि छोट्या मीटिंगरूमकडे बोट करून म्हणाली, "जरा आत येता?"

दार लागलं. धाकटीनं लॅपटॉप टेबलावर ठेवला. पडद्यावर एकच लाल ओळ होती.

"ही माझी चूक," ती म्हणाली. "कबूल. दोन्ही फंक्शनं मला सारखी वाटली. पण तुम्हाला नाही वाटली."

"मला काय वाटलं ते तुला काय माहीत?"

"शेवटची मोकळी ओळ दिसली तुम्हाला. तिच्या वरच्या तीस ओळी गेल्यात ते दिसलं नाही?"

थोरलीनं दार नीट लागलंय ना ते वळून पाहिलं.

"मी तोंडावर पडावं म्हणून केलंत ना?"

"पडलीस का? नाही ना?" थोरलीचा आवाज चढला. "आणि नाकानं कांदे सोलू नकोस. फंक्शन तू उडवलंस. मी नाही."

"हो, मी. म्हणून परतही मीच लावतेय." धाकटीनं लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "उद्या पाच वाजता आवृत्ती बाहेर जाणार. त्याच्या आत तुमची सही पाहिजे. माझा मंगळवारचा बदल काढून टाकतेय, तेव्हा नियमाप्रमाणे कारण लिहिलंय. वाचा."

थोरलीनं वाचलं. 'हे फंक्शन मी चुकून काढलं होतं. टेस्टची सर्टिफिकेटं संपलेली असल्यानं चूक दिसली नाही, आणि दुसरी सही न वाचता झाली होती.'

तिनं पुन्हा वाचलं. "न वाचता?"

"मग काय लिहू? जे खरं आहे ते सिद्ध कुठे करता येतंय मला? आणि लोकांना हेच पटेल. वय झालं, चौदा वर्षं झाली, कंटाळा येतो माणसाला. साहेब तर तुमची कीवच करतील." धाकटी पहिल्यांदा हसली, आणि ते हसू पाहून थोरलीला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. "तुमच्यावर ओरडणारसुद्धा नाही कुणी, ताई. मी उपकारच करतेय."

उपकार! थोरलीनं तो लॅपटॉप जवळ ओढला. धाकटीला नेमकं ठाऊक होतं कुठे मारायचं. सहा वर्षं वरच्या मजल्यावरून तिनं एकच वाक्य ऐकलं होतं, की मी वाचल्याशिवाय सही करत नाही. आता ते वाक्य ती कायमचं पुसत होती, आणि वर प्रेमानं. यावर सही केली तर नोकरी वाचणार होती. कदाचित भागही राहिला असता. साहेब म्हणाले असते, होतं असं कधीकधी, दोघी मिळून सांभाळा. फक्त मान खाली घालून, कंटाळलेल्या बाईसारखं उभं राहायचं होतं.

"वाक्य मी बदलते," थोरली म्हणाली.

"बदललंत तर बदल तुमचा होईल. मग सही मला करावी लागेल."

"माहीत आहे मला नियम. तू रांगत होतीस तेव्हापासून माहीत आहे."

ती टाइप करू लागली. पहिल्या वाक्यातला 'मी' काढला, दुसरं वाक्य सगळंच खोडलं. लिहिलं: 'दुसरी सही मी वाचून केली होती, चूक दिसली होती, धाकटीवर यावी म्हणून बोलले नाही, टेस्टची सर्टिफिकेटं संपली हेही माझ्याच हातून राहिलं.' एकदा वरपासून वाचून पाहिलं. 'धाकटीवर' काढून 'करणारीवर' केलं, कारण ऑफिसच्या नोंदीत घरचं नातं कशाला. मग पाठवलं.

धाकटी पडद्याकडे बघत राहिली. तिचं हसू गेलं होतं.

"हे असं ठेवलंत तर तुमचा भाग जाईल," ती म्हणाली. "कदाचित नोकरीही."

"जाऊ दे."

"ताई, मी एवढं नव्हतं मागितलं."

"तू कीव मागवत होतीस माझ्यासाठी. ती नको." थोरली उठली. "आता सही कर. उद्या पाचच्या आत. आणि आधी सगळं नीट वाच, ओळ न् ओळ. तुझ्याकडे येणार आहे हा भाग, सवय कर."

ती दार उघडून बाहेर पडली. काचेतून तिला दिसलं, धाकटी खुर्चीत बसली होती आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून वाचत होती. सही व्हायला वीस मिनिटं लागली.