दिवसाले दोनच वाक्यं

मी काई कंजूस नाई. अमडापुरात कोणालेई विचारा. एकतीस वर्षं सरकारी नर्स होती, अर्ध्या गावाचे बाळंतपणं ह्या हातानं केले, पण कोणाच्या घरचं लुगडं का नारळ घेतला नाई. ह्या हिवाळ्यात मात्र मी कंजुषी केली. अन् तेबी कायची, तं वाक्यांची.

झालं असं, का जानेवारीत एक पोरगी दारात येऊन उभी राह्यली. पाठीवर बॅग, हातात वही.

"जयभीम आजी."

"आजी कोणाची व? मी लगीन केलं नाई, मले लेकरू नाई, तं नात कुठून येईन? सिस्टर म्हण. सारं गाव म्हणते."

पोरगी हसली. नाव मंजुश्री. चिखलीच्या कॉलेजात मराठीत एम.ए. करून राह्यली होती, तिथंच खोली घेऊन राहे. इकडच्या बोलीतला एक शब्द घ्याचा, अन् माणसं तो कुठं कुठं वापरतात ते लिहून आणाचं, असा तिच्या सरांचा हुकूम होता. तिच्या वाट्याले शब्द आला 'अटकणं'. पंचवीस वाक्यं पायजे होते, अन् सारे एकाच माणसाच्या तोंडचे. सरपंचाच्या बायकोनं तिले माह्या घरी धाडलं. म्हणे, सिस्टरले बोलाची लय सवय हाय.

बोलाची सवय! मी काय भिताडासंगं बोलतो का? आता खरं सांगाचं तं बोलतो. पण ते गावात सांगत फिराचं काय काम?

पोरीनं वही उघडली अन् माह्या डोक्यात वाक्यं भराभरा उभे राह्यले. पंचवीस काय, पन्नास देल्ले असते. पह्यलं देल्लं, "बस घाटात अटकली." दुसरं देल्लं, "रामाच्या बापाचं काम तहसीलीत अटकलं." तिसरं तोंडात आलं होतं. तेवढ्यात माही नजर दारापाशी गेली. माह्या चपलांच्या बाजूले तिच्या चपला होत्या. माह्या घरात दुसऱ्या चपला कवा दिसल्या होत्या, मले आठवेना.

मी तोंड मिटलं. मनात म्हटलं, सिंधू, सारे आजच देल्ले तं हे पोरगी परत काऊन येईन?

"बस व मंजू," म्हटलं, "आता डोकं चालत नाई. वय झालं. शुक्रवारी ये."

अन् ती आली! मंगळवारी अन् शुक्रवारी, दुपारच्या बसनं. मी सकाळपासून तयारीले लागे. तुरीचे हिरवे सोले निसून ठेवो, सोले-वांगे करो, वर ज्वारीची गरम भाकर. पोरगी भुकेजल्यासारखी खाये. "मेसचं खाऊन तोंड इटलं, सिस्टर," म्हणे. जेवण झालं का वही उघडे, अन् मी डोकं धरून बसो. नाटक कंपनीत गेली असती तं नाव काढलं असतं. अर्धा घंटा आठवल्यासारखं करो अन् मंग एखादं देवो. "घास गळ्यात अटकला." "तिची सोयरीक दोन एकरावर अटकली." दोन झाले का दुकान बंद.

एका शुक्रवारी मात्र नाटक केलं नाई. "बाळ अटकलं," म्हटलं, अन् पुढचं आपोआप आलं. पावसाचे दिवस होते, दवाखान्याची जीप चिखलीले गेली होती, अन् शेतातल्या खोपडीत एक बाई अन् मी. दोन घंटे. माय अन् लेकरू दोघंई माह्या हातातून जातात का काय, असं झालं होतं. शेवटी ते लेकरू रडलं तवा मीई रडली. मंजुश्रीनं लिहिणं थांबवलं होतं.

"मंग?" म्हणे.

"मंग काय? तेच पोट्टं आता माह्या दारावरून ट्रॅक्टर नेते. मान वळवत नाई. त्याले काय माईत, कोणी ओढून काढलं त्याले."

त्या दिवशी मंजुश्रीनं पाचची बस सोडली अन् साडेसहाच्या बसनं गेली. मी तिले फाट्यापर्यंत पोचवून देल्लं अन् परत येतानी गाणं म्हणत आली. ह्या वयात! लोक पाहून राह्यले होते. पाहू द्या, म्हटलं.

असा महिना निघाला. माह्या हिशोबानं एकोणीस वाक्यं झाले होते. मी राती झोपतानी उरलेले मोजो. सहा. म्हणजे तीन चकरा. पुढं काय कराचं ते सुचत नव्हतं. एखादं वाक्य चुकलं म्हणून परत घ्याले लावता येते का, असंबी मनात आलं.

त्या मंगळवारी जेवण झालं. मंजुश्री परसात हात धुवाले गेली. वही खाटेवर उघडी होती. मी सहज हातात घेतली. सहज कायची, मले पाहाचंच होतं, पोरगी माह्याबद्दल काय लिहिते.

एकोणीस नव्हते. एक्केचाळीस होते.

सारे माहेच. दुपारी दूधवाल्यावर वरडली होती, "काऊन बे, कुठं अटकला होता आतालोक?" ते लिहिलं होतं. कुंपणाच्या ताराले पदर लागला तवा म्हटलं होतं, "थांब व, पदर अटकला." तेबी होतं. नळ, कुलूप, सुईतला दोरा, नारायणरावाची पेन्शन, सारं होतं. मी इकडे दोन-दोन मोजून देत होती अन् तिकडे माहं तोंड पोत्यानं सांडत होतं. पंचविसाव्याखाली तिनं रेघ मारली होती अन् बाजूले लिहिलं होतं, 'सरांना दिलं.' तारीख होती तीस जानेवारी. त्याले पंधरा दिवस होऊन गेले होते.

मंजुश्री ओले हात पुसत आली. माह्या हातात वही पाहून जागीच थांबली.

"तुहं काम तं कवाच झालं," म्हटलं.

"हाव सिस्टर."

"मंग काऊन येत होती?"

तिनं खोटं बोलाले पायजे होतं. सोले-वांग्यासाठी म्हटलं असतं तरी मी आयकलं असतं. पण पोरगी खरं बोलली.

"तुमी वाट पाहत होत्या म्हणून."

माह्या अंगाची लाही लाही झाली. एकतीस वर्षं मी दुसऱ्याचं दुखणं पाह्यलं, अन् हे कालचं लेकरू माहं दुखणं पाहाले येत होतं. दर मंगळवारी, दर शुक्रवारी. बसचं भाडं भरून!

"दया कराले येत होती का? मले काय लुळी-पांगळी समजली? जाय तू. तुह्यावाचून माहं काई अटकलं नाई!"

वाक्य निघालं तसं आमी दोघींनी वहीकडं पाह्यलं. ती लिहीन असं मले वाटलं. तिनं वही घेतली, बंद केली, बॅगेत टाकली. डोये भरले होते तिचे. "तसं नाई सिस्टर," एवढं म्हणे. मी तोंड फिरवलं. चपला घातल्याचा आवाज आला, फाटकाचा आला.

पुढच्या शुक्रवारी मी सोले निसले नाई. मुद्दाम. अन् बस गेल्याचा आवाज आला तं फाटकापाशी जाऊन उभी राह्यली. त्याच्या पुढच्या मंगळवारी बी राह्यली. असं करता करता तुरी निघाल्या, ऊन वाढलं. माहीच चूक होती. ते मले फाटक वाजलं तवाच समजलं होतं. पण जिभेले हाड नाई म्हणतात, माह्या जिभेले तं नुसतं हाडच हाय.

काल शेवटी फोन लावला. काय बोलाचं ते चार वेळा भिताडासंगं बोलून पाह्यलं होतं. मंजू, चुकलं माहं, तू ये. एवढंच.

तिनं उचलला. मांगे पोरींचा हसण्याचा आवाज येत होता, कोणीतरी तिले हाका मारत होतं.

"मंजू, मी सिंधू बोलतो. सिस्टर."

"सिस्टर! कशा हा? मी ना, जरा अटकली हाव इकडे. मंग करतो तुमाले फोन."

आवाजावरून मले समजलं, ती काई अटकली नव्हती. पोरगी वाईट नाई. तिले बोलाचं नव्हतं, एवढंच.

"हाव व बाई, काम पाह्य तू," म्हटलं अन् फोन ठेवला.

ठेवला अन् मी खाटेवर बसली. हे बोलणं माहं नव्हतं. हे माह्या मायचं होतं.

माय नांदुऱ्याले एकटी राहे. नोकरी लागल्यावर मी दर शनिवारी तिच्या शेजारच्या दुकानात फोन करो. दुकानदार हाक मारे, माय चप्पल न घालता पयत ये. तिचा दम लागलेला आयकू ये. अन् मी म्हणो, "माय, मी इकडे अटकली व, पुढच्या आयतवारी येतो." कवा खरंच ड्यूटी राहे. पण लय वेळा मी नुसती खोलीत पडून राहे. नांदुरा काई दूर नाई, पण जाणं जीवावर ये.

माय कवा रागावली नाई, कवा विचारलं नाई का एवढं काय काम. दर वेळी तेच म्हणे, "हाव व बाई, काम पाह्य तू."

मले वाटे, तिले खरं वाटते.