जोडीचं तिकीट

ऋषिराजने पेटीवरची चिकटपट्टी नखाने उचकटली, आतली एक बाटली काढून काउंटरवर अगदी समोर ठेवली आणि पेटी पायाने पुन्हा भिंतीकडे ढकलली. भिंतीला लागून तशाच आणखी पेट्या होत्या. सकाळपासून त्यांची थप्पी फारशी खाली आली नव्हती.

श्रेयाने डबा उघडून ठेवला होता. भाकरीच्या कडा वळायला लागल्या होत्या.

"आधी जेवून घ्या."

"पाच वाजू दे," तो रस्त्याकडे बघत म्हणाला.

शेळगावच्या फाट्यावरचं त्यांचं कृषी सेवा केंद्र एरवी दुपारी झोपल्यासारखं असायचं. आज शटर पूर्ण वर होतं आणि पंखासुद्धा गिऱ्हाईक बसतं त्या बाकाच्या दिशेने फिरवलेला होता. फोन वाजला. कंपनीच्या वतीने हा भाग बघणारा अविराज होता. ऋषिराजने फोन काउंटरवर ठेवून आवाज मोठा केला.

"दादा, इंदापूरचे दोघं झाले. लोणी देवकरवाले तर सकाळीच मोकळे झाले. तुमचंच अर्धवट दिसतंय. पाचला सिस्टीम बंद होणार. मग माझ्या हातात काही नाही बघा."

"व्हईल की."

"मी वहिनींच्या पासपोर्टचा नंबरपण भरून ठेवलाय. मला तोंडघशी पाडू नका."

श्रेयाने डब्याचं झाकण लावलं.

बँकॉकला जायचं हे तिनेच पहिल्यांदा काढलं होतं. मे महिन्यात जेवणं झाली की तिघं अंगणात बसायची, मधे मुलगी ओवी, आणि ओवीच्या मांडीवर फोन. सकाळी बघितलेलं भाडं संध्याकाळी नसायचं. मुंबईऐवजी हैदराबादहून, मधे कुठल्यातरी विमानतळावर रात्र काढून, मंगळवारी निघून पुढच्या बुधवारी परत, अशा सगळ्या खटपटी करून झाल्या. दिवाळीच्या सुट्टीतली भाडी बघितल्यावर ऋषिराज म्हणाला, "एवढ्यात दुकानावर नवे पत्रे पडतील." श्रेयाची थोरली बहीण विनया जळोचीला राहायची. नवरा-बायको दोघंही नोकरीत, नुकतीच व्हिएतनामला जाऊन आलेली. ती म्हणाली, "अगं, आठ-दहा महिने आधी काढायची असतात तिकिटं." पण आठ-दहा महिन्यांनी पाऊस पडलेला असेल की नाही, दुकानात गिऱ्हाईक असेल की नाही, हेच ज्याला माहीत नाही, त्याने आधी काय काढायचं? सासूबाई, कुशाबाई, तेवढ्या म्हणाल्या होत्या, "महाबळेसर काय वाईट हाय?"

मग कंपनीची स्कीम आली. पिकाच्या वाढीच्या नव्या टॉनिकच्या ठरलेल्या पेट्या ऑगस्ट संपायच्या आत विकायच्या. दुकानदाराला जोडीने बँकॉक, विमानासकट. ओवीला नेता येणार नव्हतं. पूर्वी दुकानदार असला माल स्वतःच उचलून गोदामात टाकायचे आणि फिरून यायचे. यंदा कंपनीने ती वाट बंद केली होती. शेतकऱ्याच्या फोनवर एक आकडा यायचा, तो दुकानदाराने भरला तरच पेटी विकली असं धरायचं.

महिनाभर ऋषिराजने ते टॉनिक उसाला दिलं, मक्याला दिलं, वांग्यांना दिलं. पहिल्या आठवड्यात श्रेयाने विचारलं होतं, "कांद्याला कशाला हो?" त्याने बिल फाडून गिऱ्हाइकापुढे ठेवलं. तिने पुन्हा विचारलं नाही. तोवर पासपोर्ट हातात आले होते, भिशीतल्या बायकांनी काय काय आणायचं ते सांगून झालं होतं, आणि विनयाने स्वतःची चाकाची बॅग धुऊनपुसून पाठवून दिली होती.

चारच्या सुमाराला दारात जीप थांबली. हिंदुराव तात्या उतरले. ऋषिराजच्या वडिलांचे जोडीदार. वडील गेल्यावर हे दुकान टाकायचं ठरलं तेव्हा पहिलं गिऱ्हाईक म्हणून तेच येऊन बसले होते. आजही त्यांनी कुठलं औषध नेलं ते बघून निम्मं गाव माल उचलायचं.

"ऋषी, हे बघ रं काय आलंय."

त्यांनी पिशवीतून डाळिंबाची फांदी काढली. पानांवर काळपट, तेल सांडल्यासारखे ठिपके होते आणि ठिपक्यांभोवती पिवळी कड.

ऋषिराजने फांदी उजेडात धरली. "कुठल्या अंगाला?"

"वड्याकडनं. पाच-सा झाडं हायेत."

"बाकीच्या बागंत?"

"न्हाय अजून. म्हनूनच आलो पळत."

ऋषिराजने फांदी फिरवून फिरवून बघितली. श्रेया त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. तो आता काय सांगेल ते तिला पाठ होतं. या काउंटरवर बसून तिने त्याला ते किती जणांना सांगताना ऐकलं होतं. तेल्या रोग आहे. रोगट फांद्या कापायच्या, बागेबाहेर नेऊन जाळायच्या, चुना-मोरचुदाची फवारणी करायची. आणि ढगाळ हवा आहे तोवर वाढीचं काहीही द्यायचं नाही. कोवळी पालवी फुटली की रोग तिच्यावरून सगळ्या बागेत पळतो. या सगळ्याला खर्च असा काही नव्हताच.

"काय हाय रं? बोल की."

फोन वाजला. ऋषिराजने फोनकडे बघितलं, तात्यांकडे बघितलं. "आलोच तात्या," म्हणून तो बाहेर गेला आणि लिंबाखाली पाठ करून उभा राहिला.

तात्यांनी काउंटरवरची बाटली उचलली, लांब धरली, जवळ धरली.

"ह्यो न्हाय सांगत, तू सांग सूनबाई. हे कसलं औषध?"

"टॉनिक आहे. नवीन आलंय."

"ह्येच्यानं जाईल व्हय ते?"

बाहेर ऋषिराज फोनवर काही बोलत नव्हता, नुसता ऐकत होता. एक हात कपाळावर होता. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवूनही श्रेयाने बघितलं.

"झाडाला ताकद येते," ती म्हणाली.

"ताकद आली म्हंजी रोग मागं हटंल?"

"ताकद असली की झाड सोसतं."

तात्यांनी मान डोलावली. त्यांना ते पटण्यासारखंच होतं. "मग सगळ्याच बागंला मारतो. किती लागंल?"

"तुमची बाग मोठी आहे." तिने भिंतीकडच्या पेट्यांकडे बघितलं. "या सगळ्याच लागतील."

तात्यांनी कोपरीच्या आतल्या खिशातून पैसे काढले. श्रेयाने त्यांचा नंबर भरला. फोन कुरकुरला तसा तात्यांनी तो सरळ तिच्या हातातच दिला. "तूच बघ. चष्मा घरी ऱ्हायला."

तिने आकडा वाचला, भरला. ऋषिराज आत आला तेव्हा काउंटरवरच्या स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत अभिनंदन आलं होतं. तो तिथेच थबकला. मग पेट्यांकडे गेला आणि एकेक उचलून जीपमध्ये ठेवू लागला. शेवटची पेटी ठेवताना त्याचा आवाज श्रेयाला ऐकू आला.

"तात्या, ती वड्याकडची झाडं हायेत न्हवं, त्यांच्या फांद्या तेवढ्या काढून जाळा."

"आरं, मग एवढं औषध कशाला दिलंस?" तात्या हसले.

जीप गेली. ऋषिराजने हात धुतले, खुर्ची ओढली आणि डबा उघडला. पहिला घास मोडून तो हातातच राहिला.

"तू काय सांगितलंस त्यांना?"

"तुम्ही महिनाभर सगळ्यांना जे सांगत होतात तेच."

"मी तात्यांना देणार नव्हतो."

"मग बाहेर का गेलात?"

त्याने घास तोंडात घातला. बराच वेळ तो चावत राहिला. घरी गेल्यावर ओवीने विचारलं, "पप्पा, झालं का?" तो म्हणाला, "झालं." कुशाबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

त्या दिवसापासून दुकानात दोघं एकमेकांशी नीट बोलायची, जरा जास्तच नीट. "बिल झालं का?" "हो, झालं." "चहा ठेवू?" "ठेव." पावसाची झड चार दिवस उघडायची, पुन्हा यायची. तात्यांच्या बागेवरून जाणारा रस्ता सोडून ऋषिराज आता कॅनॉलच्या कडेने येत-जात होता. श्रेयाच्या ते ध्यानात आलं होतं.

निघायच्या दिवशी मात्र कॅनॉलचा रस्ता चिखलाने बंद होता. विमान मुंबईहून होतं. ओवी आजीच्या पदराआड उभी राहून हात हलवत होती. गाडीत मागे दोन बॅगा, श्रेयाच्या अंगावर नवा पंजाबी ड्रेस. आभाळ खाली आलं होतं. वळणावर बाग दिसायला लागली तशी ऋषिराजने गाडीचा वेग वाढवला, आणि बांधावर उभे असलेले तात्या दोन्ही हात वर करून रस्त्यात आले.

"आरं थांब, थांब! तोंड न दावता निघाला व्हय परदेशाला?"

"तात्या, उशीर झालाय."

"दोन मिंटं. बाग बघून जावा. तुमच्यामुळं झालीय."

ऋषिराज खाली उतरला. श्रेयाही उतरली. चपला चिखलात रुतत होत्या. झाडं अशी फुटली होती की दोन ओळींमधली वाट मिटून गेली होती. शेंड्याशेंड्यांवर लालसर, लुसलुशीत पालवी होती. मधूनमधून लिंबाएवढी फळं दिसत होती.

"बघितली का ताकद?" तात्यांनी एक फांदी श्रेयापुढे वाकवली. "सगळ्यांना आनून दावली मी. शेजारचा विजयसिंह येनार हाय दुकानात, वरल्या आळीचेबी दोघं-तिघं. त्यांच्यापुरता माल मागवून ठिवा. तुमी नसला तरी पोरगं बसवा दुकानात."

श्रेयाने पान उलटं केलं. खालच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढा, ओलसर, काळपट ठिपका होता. तिने दुसरं पान बघितलं. मग मान वर केली. ऋषिराजच्या हातातही एक फांदी होती आणि तो तिच्याकडेच बघत होता. त्याने ओठ उघडले.

"चला," श्रेया म्हणाली. "विमान चुकेल."

तात्यांनी गाडीच्या खिडकीवर थाप मारली. "जोडीनं फोटो काढा. कुशावैनीला दावाया."

बारामती आली. शहरातल्या गर्दीत ऋषिराजने दोनदा विनाकारण हॉर्न वाजवला. विनयाचा फोन आला. श्रेयाने तो वाजू दिला. पाटसच्या रस्त्याला लागल्यावर थेंब पडायला लागले. वायपर एकदा फिरला आणि काच आणखी धुरकट झाली.

"वरच्या अंगाला अजून ठिपके नसतील," ऋषिराज म्हणाला.

"असले तर?"

"आज-उद्या पालवी काढून टाकली तर थांबतं. आठवड्यानं नाही थांबणार."

"आपण आठवड्याने येणार."

"हं."

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "विजयसिंहांच्या बागेत काही नसेल अजून."

समोर उसाचा ट्रॅक्टर चालला होता. रस्ता मोकळा असूनही तो त्याच्या मागेच राहिला. श्रेयाने पर्समधून फोन काढला, नंबर शोधला आणि हातात धरून बसली. तिच्या अंगठ्याकडे एकदा बघून ऋषिराजने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली.

तात्यांनी लगेच उचलला.

"पोचला व्हय गं?"

"नाही तात्या. अजून रस्त्यातच आहोत. तात्या, ती पालवी छाटायला लागेल. सगळी. आजच माणसं लावा. छाटलेलं बागेत टाकू नका, जाळा. आणि चुना-मोरचूद मारा."

"पालवी? चांगली फुटलीय की."

"ती फुटायला नको होती. रोग तिच्यावरनंच पसरतो. पसरायला लागलाय, मी बघितला मघाशी."

तिकडे वाऱ्याचा आवाज येत होता. कोणीतरी लांबून तात्यांना हाक मारली. त्यांनी ओ दिली नाही.

"मघाशी बघितला," तात्या म्हणाले.

"हो."

"आन् हे पालवीचं, हे तुला आज कळलं?"

ऋषिराजने फोनसाठी हात पुढे केला. श्रेयाने मान हलवली.

"नाही. त्या दिवशीही माहीत होतं. विजयसिंहांनाही सांगा, दुकानात येऊ नका म्हणावं. कोणालाच नको ते."

लांबून ती हाक पुन्हा आली. तात्यांनी या वेळी ओ दिली.

"बरं," तात्या म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "तुमी जावा आता. विमान चुकंल."

तिने फोन मांडीवर ठेवला. काचेवरून पाणी ओघळत होतं आणि मागून येणाऱ्या गाड्या हॉर्न देत निघून जात होत्या.

"काय म्हणाले?" ऋषिराजने विचारलं.

"जा म्हणाले."

त्याने किल्लीला हात लावला. मग हात खाली घेतला आणि विचारलं, "रागावून?"

"नाही," श्रेया म्हणाली, आणि तिने तोंड खिडकीकडे वळवलं.