भरल्या किटल्यांची ढील

“उलटा! अगं, पाना उलटा फिरवतेस!”

“मला इथून सुलटाच दिसतोय.”

“नट काय तुझ्याकडं बघून फिरतो का? डावीकडं सैल, उजवीकडं घट्ट. एवढं साधं ध्यानात राहात नाही?”

उस्ताद खिडकीच्या आत खाटेवर, आणि त्याची बायको खिडकीबाहेर पडवीत, मोटरसायकलच्या मागच्या चाकाशी उकिडवी बसलेली. मधे भिंत. त्याला तिचा अंबाडा तेवढा दिसायचा, बाकी सगळं तो आवाजावरून ओळखायचा, आणि त्या अंबाड्यावरच ओरडायचा. तीन आठवडे झाले, त्या घरात सकाळ-संध्याकाळ हेच चाललं होतं.

उस्ताद हे नाव गावानं ठेवलेलं, निम्मं कौतुकानं आणि निम्मं चेष्टेनं. वीस वर्षं त्यानं एकच मोटरसायकल वापरली आणि तिला परक्याचा हात लागू दिला नाही. बाजारचा फिटर म्हणायचा, “सगळेच असे निघाले तर मी माशाच मारत बसायचो.” असा माणूस गोठ्याचं छप्पर शाकारताना पाठीवर पडला आणि त्याचं मानेखालचं अंग लुळं झालं. तोंड तेवढं शाबूत राहिलं, आणि ते तर आधीपासूनच तिखट.

बारा घरांचं दूध तो डेअरीवर पोचवायचा. आठाला डेअरीचा टँकर निघायचा. त्याआधी किटल्या पोचल्या नाहीत तर दूध परत. आता ते काम बायकोकडं आलं. गाडी चालवायला ती आठवड्यात शिकली. पण चालवणं वेगळं आणि राखणं वेगळं. एकदा प्लग काळा पडून गाडी बंद पडली, एकदा पेट्रोलची चावी बंद ठेवून ती किक मारत बसली. दोनदा टँकर चुकला. बारा घरांच्या वतीनं शेजारची म्हातारी येऊन सांगून गेली, “पोरी, तुझं आम्हाला कळतं. पण दूध काय कुणासाठी थांबतं का? आता चुकलं तर तुझ्या दिराला देणार सगळे.”

दीर तयारच होता. त्याला फक्त मोटरसायकल हवी होती, कारण त्याच्याकडं नव्हती.

“दुसऱ्याच्या हाताखाली ती गाडी महिनाभर टिकायची नाही,” उस्ताद म्हणाला होता. “मी आहे ना शिकवायला.”

हे ‘मी आहे ना’ तिनं बरोबर ऐकलं. त्या माणसाकडं आता द्यायला तेवढंच उरलं होतं. म्हणून ती ओरडणं सोसायची, आणि सगळंच काही मुकाट्यानं नाही.

त्या संध्याकाळी चेन ताणायची होती. सैल झालेली चेन खडखड वाजते हे त्यानं खाटेवरूनच ओळखलं होतं.

“दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आल्या?”

“आल्या.”

“चेन खालून वर दाबून बघ. दोन बोटं ढील पाहिजे. कमी नको, जास्त नको.”

तिनं चेनखाली बोटं घातली, दाबून पाहिली, दोनदा पाहिली. “दोन बोटं. अगदी मोजून.”

“मग आवळ नट. आणि हात धुतल्याशिवाय माझ्या तोंडात घास घालू नकोस. काल ऑइल खाल्लंय मी.”

ती हसली, आणि तोही हसला. बऱ्याच दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही बाजूंना भरलेल्या किटल्या अडकवून ती निघाली. गाडी जड ओढत होती. मागून कुरकुर आवाज येत होता, पण तो कशाचा हे तिला शिकवलेलं नव्हतं. ओढ्याचा उतार गेला, पुढं चढ लागला. मधल्या खड्ड्यात मागचं चाक आपटलं आणि खाडकन चेन तुटून रस्त्यावर पडली.

किटल्या उतरवून गाडी नेता येईना आणि गाडी सोडून किटल्या नेता येईनात. तिनं गाडी ढकलून पाहिली; चार पावलं वर, दोन पावलं खाली. एक ट्रॅक्टरवाला थांबला तो सव्वाआठला. ती रस्त्याच्या कडेला बसून रडली. चुकलं असतं तर तिनं स्वतःला शिव्या दिल्या असत्या. पण सांगितल्याबरहुकूम केलं होतं, मग शिव्या तरी कुणाला द्यायच्या?

ट्रॅक्टरमागं बांधलेली गाडी दारात आली. ट्रॅक्टर वाजला, पण आपल्या गाडीचं इंजिन वाजलं नाही, तेवढ्यावर उस्तादला कळलं.

“दोन बोटं ठेवली होती मी,” ती म्हणाली. “शपथ.”

“किटल्या लावून?”

“संध्याकाळी कुठल्या किटल्या? रिकामीच होती गाडी.”

उस्ताद म्हणाला, “मी रोज सकाळी भरल्या किटल्या लावूनच बघायचो. ओझं आलं की गाडी मागं बसते, चेन ताणली जाते, ढील उरत नाही. ते सांगायचं राहिलं.” मग म्हणाला, “राहिलं म्हंजे काय, ते सांगायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. हातालाच माहीत होतं.”

त्या हातांकडं दोघांनीही पाहिलं. ते चादरीवर ठेवल्या जागी पडून होते.

दुपारी दीर आला. उंबऱ्यातच थांबला, तोही काही वाईट माणूस नव्हता. “वहिनी, मी मागायला नाही गेलो हो. घरंच आली माझ्याकडं.”

“चेन तुटलीय,” उस्ताद आतून म्हणाला. “ती बसवून देईल. मग ने.”

तिनं जुन्या डब्यातून चेनच्या कड्या जोडायचं लॉक काढलं. किटल्यांत विहिरीचं पाणी भरून त्या गाडीला अडकवल्या. चेन जोडली, खुणा जुळवल्या, बोटांनी दाबून पाहिली आणि नट आवळला. आतून एकदाही आवाज आला नाही. तिनं मुद्दाम पाना जरा जास्त खणखणवला, तरीही नाही.

दिरानं चक्कर मारून आणली. तोंडभर हसत म्हणाला, “लोण्यासारखी चालतीय! वहिनी, एवढं करा, दर पंधरवड्याला येऊन चेन बघून जात जा. मला त्यातलं काही कळत नाही.”

“येईन,” ती म्हणाली. नाही म्हणायला तोंड कुठं होतं?

गाडी गेल्यावर तिनं पाणी गोठ्यात ओतलं, किटल्या पालथ्या घातल्या, हात धुतले आणि आत आली.

“चांगली बसवलीस,” उस्ताद म्हणाला.

तीन आठवडे ती या एका शब्दाची वाट बघत होती. आता वाटलं, त्यापेक्षा ओरडला असता तर बरं झालं असतं. ती ताट घेऊन खाटेशी बसली, घास पुढं केला. त्यानं मान भिंतीकडं वळवली, तेवढीच त्याला वळवता येत होती.