गोदावरीबाईंचा कडीचा डबा

रविवारी सकाळी अकरा वाजता विश्रामबागेतल्या एका सभागृहातल्या चित्रप्रदर्शनात गोदावरीबाईंना आपला हरवलेला कडीचा डबा दिसला. तो भिंतीवर होता, पेन्सिलीने काढलेला. खाली चित्रकाराचं नाव होतं, निवृत्त सुभेदार हंबीरराव. म्हणजे त्यांचे शेजारीच.

डब्यावर कोरलेलं 'सौ. गोदावरी' चित्रातही जसंच्या तसं उतरलं होतं. चित्रकलेच्या वर्गात समीक्षा मॅडम म्हणाल्या होत्या, "घरातली मोडकी वस्तू घ्या आणि दिसेल तेच काढा." हंबीररावांनी हा हुकूमच मानला. बाहेरच्या नळाखालचा डबा उचलला आणि महिनाभर समोर ठेवला. अक्षरं त्यांनी वाचली नाहीत, ठिपक्याला ठिपका जोडत नुसती काढली.

"हा डबा माझा आहे," गोदावरीबाई म्हणाल्या.

"आसंल, वैनी. पर पोचा आमचा हाय. माझी स्कूटर आडवी झाली हुती त्याच्यावर."

घरी हंबीररावांच्या बायकोने, शालूबाईंनी, डोक्याला हात लावला. कैक वर्षांपूर्वी त्या डब्यातून कटाची आमटी आली होती. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, म्हणून त्या काहीतरी खास करायच्या बेतात होत्या. तेवढ्यात स्कूटर पडली. मग कडी तुटून तिच्या जागी तार आली, आणि असला डबा द्यायची लाज वाटू लागली.

"तसाच द्या हो," गोदावरीबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या. "काचेच्या कपाटात ठेवते. काय सुरेख उजेड पडतो त्या पोच्यात!"

हंबीररावांनी डबा आपल्याकडे ओढून घेतला. तो उजेड त्यांनी शोधला होता. रोज सकाळी साडेआठला अंगणातला पेरू त्या पोच्यात उलटा उतरायचा, बोटाएवढा, पानापानासकट. तेवढा एक पेरूच त्यांना अजून जमला नव्हता. प्रदर्शनातून घरी आणलेल्या चित्रात त्या जागी खोडरबराने झिजलेला पांढरा कागद होता.

सोमवारी शालूबाईंनी डबा घासून बेसनाचे लाडू भरले. संध्याकाळी उचलला तर हलका लागला.

"आवं, लाडू कुटं गेलं?"

"संपलं."

"समदं?"

"लय झकास झालं हुतं. आता रिकामा डबा देतीस व्हय? चार लोकांत बरं दिसतं का ते?"

मंगळवारी चकल्या गेल्या, बुधवारी शंकरपाळी. पेरूचा बुंधा जमला, फांद्या जमेनात. सुभेदारांच्या पँटचं बटण लागेना.

गुरुवारी गोदावरीबाई पुन्हा कुंपणाशी आल्या. "शालूबाई, आज तरी येतोय ना डबा?"

"कशाचा येतोय! आमचा चित्रकार फराळावर बसलाय."

हंबीरराव खिडकीतून बघत होते. दोन डोकी जवळ आली, काहीतरी कुजबुजली आणि दोघी त्यांच्याकडे बघून हसल्या. सरहद्दीवर असं हसू दिसलं असतं तर त्यांनी खंदक खणला असता.

शुक्रवारी सकाळी डबा काठोकाठ भरलेला होता. झाकण काढलं. आत कारल्याची भाजी होती, बिनगुळाची. आटपाडी हे आपलं गाव सोडल्यापासून त्यांनी कारल्याला तोंड लावलेलं नव्हतं.

"धा वाजता नेऊन देणार," शालूबाई म्हणाल्या. "ऱ्हायली तर."

साडेआठला पेरू पोच्यात उतरला. हंबीररावांनी उजव्या हातात पेन्सिल घेतली, डाव्या हातात चमचा.

पावणेदहाला निम्मी भाजी संपली होती आणि दोन फांद्या राहिल्या होत्या.