पाण्यातला जेरबंद

मार्गशीर्षातलं ऊन. तापीच्या विशाल पात्रावर उतरलेलं, पितळी, धारदार, दयाहीन ऊन. काठावर घोडेबाजार भरलेला: धूलिधूसर, शेणगंधी, खिंकाळ्यांनी निनादणारा. नदी मात्र थंड, नीलकृष्ण, स्वतःच्याच खोलीत बुडालेली.

त्या उन्हात हैबती जिनगर आपल्या पालापुढे बसला होता, आणि आतून धुमसत होता.

जेरबंद. आज्यानं शिवला, बापानं शिवला, त्यानं शिवला. पोटाच्या तंगापासून निघणारा, पुढच्या पायांमधून छातीवर चढणारा, नाकावरच्या मोहरकीला भिडणारा चामड्याचा पट्टा. घोड्यानं मस्तक उडवून स्वाराचं तोंड फोडू नये, एवढंच त्याचं काम. आता पेपरात दरोडेखोर जेरबंद होतात, बिबटे जेरबंद होतात. लिहिणाऱ्याला विचारा, बाबा, हा बांधतात कुठं? तो तोंडाकडे बघत बसेल.

पण पट्ट्यालाही धर्म असतो. मान आपल्या उंचीवर असताना तो सैल राहावा. आणि पाण्यात शिरण्याआधी तो सोडावा, सोडावाच. पोहणारं जनावर नाकपुड्यांवर जगतं. मस्तक खाली बांधलं, की नदीच त्याची चिता.

सकाळी उदाजीराव आले होते. तीन गावांत जमीन, चौथ्या गावात दरारा. सोबत त्यांची सारजा: चंद्रधवला, दीर्घग्रीवा, अग्निनेत्रा घोडी. "मान कमानीसारखी वाकली पाहिजे. तीन बोटं आवळ." हैबतीनं हात लावला नाही. तेव्हा त्याचीच आरी उचलून रावांनी स्वतः भोक पाडलं, आणि ती उंच मान छातीकडे ओढून घेतली.

दुपारी राव घोडीवर बसून पलीकडच्या तीराला निघाले. शेकडो मोबाईल वर उठले. हैबती आडवा गेला.

"रावसाहेब, जेरबंद सोडा. पुढं पाणी आहे."

"सोडला तर मान वर करील."

"करू द्या की. तिचीच आहे."

कुणीतरी फिसकन हसलं. राव नाही हसले. "कातडं शिवतोस तेवढं शिव, हैबत्या. सरक, नाहीतर तुझ्या अंगावरून नेईन."

"न्या. मला निदान बोंबलता तरी येतं."

चाबूक कडाडला. गालावर रक्तरेषा उमटली. घोडी पाण्यात शिरली.

पाणी गुडघ्याला, पाणी पोटाला, पाणी छातीला. मग तळ संपला. सारजानं मस्तक उचललं आणि पट्ट्यानं ते खाली खेचलं. पुन्हा उचललं, पुन्हा खेचलं. शुभ्र मुखाभोवती बुडबुडे फुटले, नेत्रांतला अग्नी पांढरा झाला. काठ टाळ्या वाजवत होता. मूर्ख, रिकामा, करमणुकीला हपापलेला काठ.

हैबतीनं कातडं कापायची रापी दातांत धरून उडी घेतली.

जबड्याखाली, फेसाळ काळोखात, त्याच्या बोटांना स्वतःच्या हातचा टाका ओळखू आला. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यानं आपलं काम आपल्याच हातानं चिरलं. एक झटका. दुसरा. चामडं तुटलं.

मस्तक उसळलं. राव मागच्या मागे पाण्यात. हैबतीनं त्यांना कॉलरला धरून उथळाकडे ओढलं, आणि ओलं कातडं आपटावं तसं वाळूवर आपटलं.

"उद्या या बाजारात तुझं पाल दिसलं तर जाळीन," राव खोकत म्हणाले.

"आजच काढतो. तुमच्या दावणीला माझा टाका नको."

तो वळला. गालावरचं रक्त पाण्यात मिसळून गळ्यापर्यंत ओघळलं होतं. पुसायची त्याला गरज वाटली नाही.

पलीकडच्या तीरावर सारजा चढत होती. जलबिंदू झडत होते, उन्हाच्या ठिणग्या झडत होत्या. तिनं अंग झाडलं, चार दीर्घ श्वास ओढले. मग ती धवल, ओलीचिंब मान हळूहळू उठली: पाण्याच्या वर, झाडांच्या वर, साऱ्या बाजाराच्या वर, आणि तिथंच राहिली, उंच, उन्मत्त, उघडी.