अंक पिन केला म्हणजे नेमकं काय केलं?

मित्रांनो, मी एक जुना स्टेपलर आहे. एवढंच मला नक्की माहीत आहे. बाकी हल्ली सगळा गोंधळ आहे.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. लोणावळ्यातल्या वह्या-पेनांच्या दुकानातून भिमाजी आबांनी मला आणलं. आबा भटकंती मंडळाचे अध्यक्ष. मंडळाचा अंक दरवर्षी निघायचा. झेरॉक्सवाल्याकडून गरम गरम पानं यायची, आबा माझ्या डोक्यावर जोर द्यायचे आणि मी दात रोवायचो. ‘आमच्या अंकाचं पान कधी सुटत नाही,’ असं ते पाहुण्यांना सांगायचे, तेव्हा माझी स्प्रिंग उगाचच ताठ व्हायची.

मग तेजल संपादक झाली. तिचं म्हणणं, कागद कशाला, अंक फोनवर पाठवू, फोटो तरी रंगीत दिसतील. आबांचं म्हणणं, फोनवर कुणी वाचत नाही, नुसतं बोट फिरवतात. मला दोघांचंही पटायचं. त्या वर्षी अंक फोनवर गेला आणि मी ड्रॉवरमध्ये, वाळलेल्या शाईच्या पॅडशेजारी. एकदा तेजल म्हणाली, “आबा, अंक ग्रुपवर पिन केलाय, सगळ्यांना वरच दिसेल.” माझ्या पोटातल्या पिना तर जागच्या जागी होत्या. मग पिन केला कुणी? नवा स्टेपलर आला की काय, या काळजीनेच मी थोडा गंजलो.

यंदा अंकात येसूबाईंचा लेख होता. लोणावळ्याजवळ, औंढे गावाच्या वरच्या वाडीत त्या राहतात. मंडळाची माणसं डोंगरात निघाली की त्यांच्याकडे भाकरी खातात. त्यांनी सांगितलं, तेजलने लिहून घेतलं. येसूबाई नुकत्याच वाचायला शिकल्या होत्या. आपला लेख आपणच वाचायचा, दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं, म्हणून त्या मंडळाच्या खोलीवर आल्या.

आबांना वाटलं, आता कागदच जिंकणार. त्यांनी छापील नमुना पुढे ठेवला. येसूबाईंनी पान जवळ धरलं, लांब धरलं. “आबा, ही अक्षरं हायेत का मुंग्या?”

तेजलने लगेच फोन पुढे केला, दोन बोटांनी अक्षरं मोठी केली. येसूबाईंनी एक ओळ सावकाश वाचली. घरीही असंच वाचा मावशी, असं तेजल म्हणाली.

“घरी कुटं? फोन लेकाचा. त्यो कामाला गेला, की माजा लेख बी कामाला गेला.”

शेवटी अंक फोनवर पाठवायचा आणि येसूबाईंचा लेख मोठ्या अक्षरांत कागदावर काढायचा, असं ठरलं. मला बाहेर काढलं. लेख चांगलाच जाड झाला होता. पहिली पिन वाकली. दुसऱ्या खेपेला मी जीव लावून दात रोवले.

येसूबाई तिथंच बसून वाचायला लागल्या. अक्षराखाली बोट, ओठ हलताहेत. दुसऱ्या पानावर बोट थांबलं.

“हे म्या आसं न्हाई बोलले. म्या म्हनलं, उन्हाळ्यात झरा रुसतो. तू लिवलंयस आटतो.”

तेजल लाजली. छापताना तेच बरं दिसेल असं तिला वाटलं होतं. तिने नखाने माझी पिन उचकटली, पान बदललं, फोनवरच्या अंकातही ‘रुसतो’ केलं. मग आबांनी मला पुन्हा दाबलं.

मित्रांनो, कागद बरा की फोन, हे मला अजून कळलेलं नाही. पण कुणाचं बोलणं तुम्ही अंकात घातलंत, तर ते त्याला त्याच्या डोळ्यांनी वाचता येईल असं करा. आणि त्याने ‘चुकलं’ म्हटलं, तर पिन काढायला कचरू नका. आम्हाला दुखत नाही. फक्त हळू काढा, पान फाटतं.