ऐकण्याचा नेम

ओळीवर बोट तसंच ठेवून ऋचाने भलतंच वाचलं.

“कावेरी पहाटेच्या एसटीने माहेरी गेली. तिच्या आईला बरं नव्हतं.”

छापलेल्या ओळीत कावेरी माहेरी गेली नव्हती. गावात मुक्कामाला आलेल्या तंबूतल्या सिनेमाच्या ऑपरेटरबरोबर ती एसटीत बसली होती. मागे पाळण्यातलं मूल आणि दवाखान्यात कंपाउंडर असलेला नवरा. ऋचाने पान उलटलं, पुढचंही उलटलं. कावेरी पुन्हा आपल्या स्वयंपाकघरात दिसली तेव्हा ऋचाने तिथून पुढे वाचायला घेतलं.

समोर तिच्या सासूबाई, नंदाताई, सोफ्याच्या कडेला ताठ बसल्या होत्या. उजव्या मुठीत अक्षता. डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं झाल्यापासून त्यांना अक्षर लागत नव्हतं. पण या चातुर्मासात त्यांनी नेम धरला होता: रोज दुपारी, चहाच्या आधी, या पुस्तकातलं थोडं ऐकायचं, व्रताची कहाणी ऐकतात तसं. हातात अक्षता, आणि वाचणारी थांबेपर्यंत तोंडातून शब्द नाही.

“आजच्यापुरतं झालं, अहो आई.”

नंदाताई उठल्या. खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीत अक्षता वाहून आल्या. “चहात आलं जरा जास्त टाक,” एवढंच म्हणाल्या.

सिंगापूरभरच्या मराठी घरांनी या वर्षी एकच पुस्तक वाचायचं, ही कल्पना त्यांच्या मंडळातल्या उल्काची. पुण्याहून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेतून प्रती आल्या आणि वुडलँड्सपासून पुंगोलपर्यंत घरोघर फिरल्या. तालुक्याच्या एका गावावरची कादंबरी. ज्यांनी असं गाव फक्त गाडीच्या खिडकीतून पाहिलं होतं तेही आता मंडळाच्या ग्रुपवर तिथल्या माणसांची उणीदुणी काढत होते.

ऋचा ग्रुपवर काही लिहीत नसे. लग्नात नवऱ्याच्या, सुयशच्या, आत्याने तिला कोठीच्या खोलीत गाठून सांगितलं होतं, “सासू देवदेव करते म्हणून भुलू नकोस हो. सुयश रांगतही नव्हता तेव्हा घर सोडून गेली होती. परत आली, ठेवून घेतली आम्ही.” कोणाबरोबर, कशासाठी, ते आत्या बोलली नाही आणि ऋचाने विचारलं नाही. सुयशच्या कानावर यातलं काही गेलेलं नव्हतं. कादंबरीतलं गाव वेगळं होतं, लिहिणारा वेगळ्या मुलखातला होता. तरी ते प्रकरण आधी एकटीने वाचलं त्या दिवसापासून ऋचाला पुस्तक उघडताना हाताला घाम येई.

संध्याकाळी उल्काचा फोन आला.

“रविवारी समारोप. मी कावेरीचं प्रकरण मोठ्याने वाचणार आहे, अख्खं. मग चर्चा. आणि काकूंना घेऊनच यायचं हं. एवढं नेमाने ऐकणारं आपल्यात दुसरं आहे कोण?”

“अगं, दुसरं एखादं वाच ना. बाजाराचं किती छान आहे.”

“बाजारावर कोण भांडणार? भांडण नको का व्हायला!”

ऋचाने जेवताना विषय काढला. चोआ चू कांगहून पुंगोल म्हणजे शहराच्या या टोकाहून त्या टोकाला, गाड्या बदला, परत एलआरटीची छोटी गाडी, अहो आईंचे गुडघे.

“टॅक्सीने जाऊ,” सुयश म्हणाला. “आई, तुला यायचंय ना?”

“यायचंय.”

“झालं तर मग. ऋचा, तू कशाला एवढी मागे ओढतेयस?”

ऋचाने आमटीत डाव उगीचच फिरवला. खरं सांगायचं तर दोन गोष्टी सांगाव्या लागल्या असत्या: अहो आईंचं ते जुनं, आणि आपण त्यांच्या नेमात मिसळलेलं खोटं. दुसरी तिला जास्त जड वाटत होती.

*

कम्युनिटी क्लबच्या खोलीत एसी इतका होता की बायकांनी ओढण्या लपेटून घेतल्या होत्या. नंदाताई पहिल्या रांगेत बसल्या. त्यांनी रुमालाची गाठ सोडली, अक्षता मुठीत घेतल्या. सुयश मागे चहाच्या टेबलाशी पेले मांडत होता.

उल्का वाचू लागली. तिचा आवाज स्वच्छ होता; एकेक शब्द खोलीच्या शेवटापर्यंत जात होता. पहाट झाली. कावेरीने मुलाच्या अंगावरचं दुपटं नीट केलं. दाराची कडी आवाज न करता काढली.

ऋचा उभी राहिली.

“उल्का, एक मिनिट. हे जरा लांबतंय ना, थेट चर्चाच—”

तिच्या मनगटाला गार बोटं लागली. नंदाताईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. नुसतं खाली ओढलं. ऋचा बसली.

एसटी निघाली. लॉजची खोली आली, ऑपरेटरचं रोज उशिरा परतणं आलं. मग कावेरी एकटीच परत आली. नवऱ्याने दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “पाणी तापलंय. आंघोळ करून घे.” उल्काने पुस्तक मिटलं.

टाळ्या झाल्या. ऋचा नंदाताईंच्या मुठीकडे पाहत होती. मूठ हलली नव्हती.

“आमच्याकडे बघा,” दुसऱ्या रांगेतला निशिकांत म्हणाला, “हॉकर सेंटरवर मित्रांबरोबर खात जरा रेंगाळलो तर दारातच उलटतपासणी. पाणी तापलंय म्हणे!”

“तुमचं पाणी तापलेलंच असतं, पण डोक्यावर ओतायला,” त्याची बायको मागून म्हणाली. खोली हसली.

विनीता हसली नाही. ती कुठल्याशा बँकेत मोठ्या हुद्द्यावर होती आणि प्रत्येक प्रकरणावर खुणा करून आली होती. “मला हे पटलंच नाही. तान्हं मूल टाकून जाणारी बाई. आणि नवरा एक शब्द विचारत नाही? लेखकाने सोय केलीय स्वतःची. असं घडत नाही हो कुठे.”

“नाहीच घडत,” नंदाताई म्हणाल्या.

त्यांनी अक्षता रुमालात ठेवल्या, गाठ मारली आणि मग मान वर केली. वाचन संपलं होतं.

“नवरा दार उघडत नाही. तो आतल्या खोलीत बसतो, तोंड भिंतीकडे करून. दार सासूबाईंनी उघडलं. आणि पाण्याबिण्याचं काही नाही. त्या म्हणाल्या, आधी मुलाला घे, माझे हात पिठाचे आहेत.”

विनीताने पानं चाळली. “काकू, हे कुठल्या प्रकरणात आहे?”

“पुस्तकात नाहीये.”

कोणीतरी खुर्ची सरकवली. निशिकांतने चष्मा काढून पुसायला घेतला. चहाच्या टेबलाशी सुयश थर्मासच्या नळाखाली पेला धरून उभा होता. पेला भरून चहा टेबलावर सांडत होता आणि तो पाहत नव्हता. शेवटी उल्कानेच जाऊन नळ बंद केला.

“एवढंच सांगायचं होतं,” नंदाताई म्हणाल्या. “त्या बाईला पटेना म्हणून.”

*

सुयशने टॅक्सी बोलावली नाही. तिघं चालत एलआरटीच्या स्टेशनपर्यंत आले. तो पुढे जाऊन फलाटाच्या टोकाला उभा राहिला, पाठ यांच्याकडे. ऋचाने सासूला बाकावर बसवलं आणि शेजारी बसली.

“अहो आई, मी त्या दिवशी बदलून वाचलं. तुमच्या नेमात खोट आणली मी.”

“माहितीय.”

“कसं?”

“तू कावेरीला माहेरी धाडलंस, आजारी आईकडे. तिचे आईबाप तर आधीच वारलेले होते. तूच वाचून दाखवलंस की. मामाने वाढवली नाही का तिला?”

ऋचाला ते आठवलं आणि तिचे कान तापले. “मग तेव्हाच का नाही बोललात?”

“मधे बोलायचं नव्हतं.” नंदाताईंनी पदर सारखा केला. “नंतर म्हटलं, राहू दे. पोरीने एवढ्या मायेने रचलंय. घटकाभर तिला आई मिळाली, तर मिळाली.”

“तुम्हाला राग नाही आला?”

“भीती वाटली. हिला माहीत आहे, हे कळल्याची.”

गाडी आली आणि गेली. सुयश चढला नाही. मग तो वळला, बाकापाशी आला आणि आईसमोर उभा राहिला. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, ऑफिसात कितीतरी लोक त्याच्या हाताखाली. पण हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

“आत्याला माहीत होतं?”

“सगळ्या गावाला होतं.”

“बाबांनी…”

“वर्षभर बोलले नाहीत. मग एक दिवस मीठ मागितलं.”

त्याने हात खिशात घातले, परत काढले.

“मी रडलो होतो का गं? तू नव्हतीस तेव्हा?”

ऋचाने सासूकडे पाहिलं. आता काहीही चाललं असतं, कुठलंही मऊ वाक्य. ती मनातल्या मनात ते रचूही लागली होती.

“मी कुठे होते बघायला,” नंदाताई म्हणाल्या. “सासूबाईंना विचारलं होतं. म्हणाल्या, छे गं, हूं की चूं नाही. हसत खेळत होता.”

पुढची गाडी वळणावर दिसू लागली. त्यांनी उठायला हात पुढे केला. सुयशने तो धरला, पण लगेच ओढला नाही.

“मी घेतलं तेव्हा तुझा घसा बसलेला होता,” त्या म्हणाल्या. “मी त्यांना काही बोलले नाही.”